३० सप्टेंबरची सुट्टी नक्की कुणाला, आणि कशासाठी?

आमच्या घरात तीन माणसं आणि ३० सप्टेंबरला तिघांचं तीन तऱ्हेचं. मी बँकेत कामाला, मला भरपगारी सुट्टी. बायको एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, तिला सुट्टी-बिट्टी काही नाही, नेहमीसारखी साडेसातला डबा घेऊन बाहेर. आणि पोरगी दुसरीत, तिला शाळा असते पण त्या दिवशी केशरी टी-शर्ट घालून जायचं असतं. देश एक, घर एक, तरी असं. आम्ही राहतो मिसिसागाला, म्हणजे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, ३० सप्टेंबर हा इथला सत्य आणि सलोख्याचा राष्ट्रीय दिवस, आणि हे सगळं त्या "प्रांत" शब्दामुळे होतं, त्यावर येतो नंतर.

२०२५ ला त्या दिवशी आईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. तेव्हा नेमकी नवरात्रातली अष्टमी होती. मला घरी बघून म्हणाली, "अष्टमीची सुट्टी देतात होय रे तिकडं?" मी म्हटलं, अगं नाही, सण नाहीये, वाईट गोष्टीची आठवण म्हणून सुट्टी आहे. ती म्हणाली, "म्हणजे शैलामावशीच्या भोपाळला असते तशी?" तर हो, अगदी तशीच. मग तिनं विचारलं, "मग तू आज काय करणारेस?" आणि मी गप्प. कारण माझा प्लॅन होता गाडीचे टायर बदलून आणायचे.

तेव्हापासून हे डोक्यात फिरतंय, म्हणून जेवढं वाचलं आणि समजलं ते जरा सोपं करून लिहितो.

आधी दिवस कसला ते. कॅनडात १८८० च्या दशकापासून ते १९९० च्या दशकापर्यंत सरकारनं पैसे द्यायचे आणि चर्चनं चालवायच्या अशा निवासी शाळा होत्या. निवासी शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नवोदय किंवा आश्रमशाळा येते, तसलं काही डोक्यात आणू नका. इथल्या मूलनिवासी लोकांची, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्यूइट आणि मेटी समाजाची पोरं आईबापापासून तोडून तिथं नेऊन ठेवायची, केस कापायचे, स्वतःची भाषा बोललं की शिक्षा, आणि हेतू उघड होता की पोरातला "इंडियन" काढून टाकायचा. दीड लाखाच्या वर पोरं या शाळांमधून गेली. हजारो परत आलीच नाहीत, क्षयानं गेली, कुपोषणानं गेली, पळून जाताना थंडीत गेली, आणि बऱ्याच ठिकाणी घरी धड कळवलंही नाही. शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९६-९७ ला, म्हणजे आमच्या वयाची माणसं त्यातून गेलेली आहेत, जुना इतिहास वगैरे नाही हा.

केशरी शर्टाची गोष्ट यातलीच. फिलिस वेबस्टॅड नावाच्या बाई, १९७३ ला सहा वर्षांच्या होत्या, ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळच्या शाळेत त्यांना घालायचं ठरलं, आजीनं कौतुकानं नवा झगमगीत केशरी शर्ट घेऊन दिला, आणि पहिल्याच दिवशी शाळेनं तो अंगावरून काढून घेतला तो परत दिलाच नाही. बस एवढीच गोष्ट, कबरींचे आकडे नाहीत काही नाही, पण सात वर्षांच्या पोरीला ही गोष्ट लगेच कळते. २०१३ पासून ३० सप्टेंबरला केशरी शर्ट घालायची पद्धत सुरू झाली ती यावरून. सप्टेंबरच का, तर सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आणि पोरं उचलून न्यायचा महिना तोच.

म्हणजे लक्षात घ्या, दिवस आधी लोकांनी पाळायला सुरुवात केली. सुट्टी आठ वर्षांनी आली.

ती कशी आली? २००८ ला सरकारनं संसदेत माफी मागितली, त्याच वर्षी सत्य आणि सलोखा आयोग बसला, मरी सिंक्लेअर हे मूलनिवासी समाजातले न्यायाधीश त्याचे अध्यक्ष झाले, गावोगाव जाऊन हजारो लोकांच्या साक्षी घेतल्या, आणि २०१५ ला आयोगानं ९४ शिफारशी केल्या. त्यातली ८० वी अशी की, निवासी शाळांचा इतिहास लोकांच्या आठवणीत राहावा म्हणून मूलनिवासींशी बोलून एक कायदेशीर सुट्टीचा दिवस ठरवा. यावर एका महिला खासदारानं खाजगी विधेयक आणलं. आधी त्यात तारीख होती २१ जून, तो दिवस इथं मूलनिवासींच्या संस्कृतीचा आनंदाचा दिवस म्हणून साजरा होतो. मग चर्चा झाली की अरे आनंदाचा दिवस आणि दुःखाचा दिवस एकच कसा करताय, आणि ती बदलून ३० सप्टेंबर केली. मला हा मुद्दा फार पटला. ढोल वाजवायचे की मान खाली घालायची हे एकाच दिवशी दोन्ही सांगितलं तर माणूस ढोलच वाजवणार.

ते विधेयक २०१९ ला सिनेटमध्ये अडकलं आणि निवडणूक आली म्हणून मेलं. पुढच्या वर्षी सरकारनं स्वतःचं आणलं, विधेयक सी-५, तेही आपलं हळूहळू चाललं होतं. आणि मे २०२१ च्या शेवटी कॅम्लूप्सची बातमी आली. तिथल्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात जमिनीखाली बघणाऱ्या रडारनं २१५ मुलांचे अवशेष दिसल्याचं तिथल्या मूलनिवासी समाजानं जाहीर केलं (नंतर ते सुमारे २०० संभाव्य कबरी असं सुधारलं), देश हादरला, पायऱ्यापायऱ्यांवर लोकांनी छोटे बूट आणून ठेवले, आणि इतकी वर्षं रखडलेली गोष्ट आठवडाभरात झाली, ३ जून २०२१ ला कायद्यावर सही. जे तर्कानं सहा वर्षं झालं नाही ते हादऱ्यानं सहा-सात दिवसांत झालं. असल्या सुट्ट्या बहुतेक अशाच येतात.

आता मजेशीर भाग, म्हणजे मजेशीर म्हणू नये पण बँकवाल्याला मजेशीर.

या कायद्यानं नवं असं फार काही लिहिलेलंच नाही, तीन जुन्या कायद्यांमध्ये एकेक ओळ घुसवली. पहिला, हुंडीचा, म्हणजे अमुक तारखेला पैसे देण्याच्या लेखी कागदांचा कायदा. दुसरा, कायद्यातल्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा. तिसरा, कामगार कायदा. तुम्ही म्हणाल पोरांच्या आठवणीचा आणि हुंडीचा काय संबंध? तर संबंध असा की इंग्रजी पद्धतीच्या कायद्यात "सार्वजनिक सुट्टी" या गोष्टीची एक मोठी मुळी पैशाच्या व्यवहारात आहे. समजा तुम्ही लिहून दिलंय की अमुक तारखेला पैसे देईन, आणि त्या तारखेला बँकच बंद निघाली, तर तुम्ही बुडवे ठरणार का? म्हणून कायद्यात आधीच लिहून ठेवायला लागतं की कुठले दिवस सुट्टीचे, आणि त्या दिवशी मुदत संपली तर पैसे कधी द्यायचे. कॅनडात उत्तर आहे पुढच्या कामाच्या दिवशी. आपल्याकडे नेमकं उलटं, आदल्या कामाच्या दिवशी. आपला कायदा १८८१ चा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, तोच ज्याच्या कलम १३८ खाली चेक बाउन्सच्या केसेस चालतात. त्याच कायद्याचं कलम २५ सुट्ट्यांचं. महाराष्ट्र सरकारचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी सुट्ट्यांची जी यादी काढतो, जी आपण कॅलेंडर छापून यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो आणि शनिवार-रविवारी किती गेल्या ते मोजून हळहळतो, ती या कलम २५ खालची अधिसूचना असते.

तर पहिली ओळ म्हणजे बँका-हुंड्यांसाठी. दुसरी ओळ म्हणजे कोर्टाच्या, सरकारी अर्जांच्या मुदतीसाठी, शेवटची तारीख त्या दिवशी आली तर दुसऱ्या दिवशी चालतं. आणि तिसरी ओळ माणसांच्या पगारासाठी, ज्याला आपण खरी सुट्टी म्हणतो ती. कामगार कायद्यात आधी नऊ सुट्ट्या होत्या, ही दहावी झाली. हिशोब असा की आधीच्या चार आठवड्यांच्या पगाराचा विसावा भाग सुट्टीचा पगार म्हणून मिळतो, आणि त्या दिवशी काम करावंच लागलं तर वर दीडपट.

पण, आणि इथं आमच्या घराचे तीन तुकडे होतात, हा कामगार कायदा केंद्राचा आहे आणि तो सगळ्यांना लागू नाही. बँका, विमान कंपन्या, रेल्वे, टेलिफोन, पोस्ट, प्रांताची हद्द ओलांडणारे ट्रक, असल्या ठरावीक धंद्यांनाच. देशातल्या नोकरदारांपैकी जेमतेम सहा टक्के, शिवाय केंद्र सरकारचे स्वतःचे नोकर. बाकी सगळे, दुकान, हॉटेल, कारखाना, दवाखाना, शाळा, हे प्रांताच्या कायद्याखाली. ब्रँप्टनहून मॉन्ट्रियलला ट्रक नेणाऱ्या पाजीला सुट्टीचा हक्क आहे, तोच माल ब्रँप्टनहून टोरंटोच्या गोडाऊनला नेणाऱ्याला नाही. ओंटारियोच्या यादीत नऊ सार्वजनिक सुट्ट्या आहेत, त्यात ३० सप्टेंबर नाही. क्युबेकमध्ये नाही, तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणाले अजून एक सुट्टी म्हणजे कामाचं नुकसान. अल्बर्टातही मालकाच्या मर्जीवर. उलट प्रिन्स एडवर्ड आयलंडनं २०२२ पासून दिली, ब्रिटिश कोलंबिया आणि मॅनिटोबानं २०२३ ला दिली, उत्तरेकडच्या तिन्ही प्रदेशांनी दिली.

मी जेव्हा हे बायकोला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बँकवाल्यांना दुःख जास्त होतं का?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

पण तिचा टोमणा बाजूला ठेवला तरी खरा प्रश्न वेगळाच आहे, आईनं विचारलेला. सुट्टी घेऊन करायचं काय?

आपल्याकडे घरी वर्षश्राद्ध असलं की आपण रजा टाकतो. का टाकतो, तर त्या दिवशी काम असतं. गुरुजी येणार, स्वयंपाक असतो, पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची, चार माणसं जेवायला येणार, आणि जेवताना कुणीतरी "अण्णांना अळूची भाजी फार आवडायची" असं काढणारच. रजा ही त्या सगळ्याला वेळ मिळावा म्हणून. विधी आधी, रजा नंतर. सरकारी स्मृतिदिनाच्या सुट्टीत उलटं होतं, रजा आधी मिळते आणि विधी काहीच ठरलेला नसतो, मग माणूस टायर बदलायला जातो. आणि हे फक्त माझ्यासारख्याचं नाही हं. ३० सप्टेंबर २०२१, पहिलाच दिवस, देशाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो, ज्यांच्या सरकारनं ही सुट्टी आणली, ते त्या दिवशी कुटुंबाबरोबर टोफिनोला समुद्रकिनारी सुट्टीवर. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं ओटावात खाजगी बैठका. कॅम्लूप्सच्या त्या समाजानं त्यांना त्या दिवसासाठी आमंत्रण दिलेलं होतं. पत्रकारांनी शोधून काढलं, बोंब झाली, माफी मागितली, ऑक्टोबरात तिथं जाऊन समोर बसून ऐकून घ्यावं लागलं. आदल्या संध्याकाळी ते संसदेसमोरच्या कार्यक्रमाला गेले होते हे खरं, पण लक्षात राहिला तो बीचच.

हीच भीती अर्जेंटिनात होती. तिथं २४ मार्च १९७६ ला लष्करानं सत्ता घेतली आणि पुढच्या सात वर्षांत हजारो माणसं गायब केली. तो दिवस २००२ ला स्मृतिदिन झाला आणि २००६ ला सुट्टी. गंमत म्हणजे सुट्टीला विरोध करणाऱ्यांत गायब झालेल्यांच्या बाजूनं लढणारी माणसंही होती, की बाबांनो सुट्टी दिलीत तर लोक फिरायला जातील. सुट्टी झालीच, पण कायद्यात एक शब्द टाकला, न हलणारी. का, तर तिकडं बऱ्याच सुट्ट्या सोमवारला सरकवतात, लाँग वीकेंड मिळावा, टुरिझम चालावं म्हणून. २०१७ च्या जानेवारीत सरकारनं ही पण सरकवता येईल असा हुकूम काढला आणि इतका आरडाओरडा झाला की काही दिवसांत मागे घ्यावा लागला. आता २४ मार्चला तिथं मोर्चे निघतात, लाखो लोक रस्त्यावर येतात. म्हणजे विधी तयार झाला. तारीख हलली असती तर झाला नसता असं आपलं माझं मत, अमावास्येचं श्राद्ध सोयीनं रविवारी केलं तर ते गेट-टुगेदर होतं.

तैवाननं २८ फेब्रुवारी १९४७ च्या हत्याकांडाचा दिवस १९९७ पासून सुट्टीचा केला, पन्नास वर्षांनी, आणि त्यातली चाळीस वर्षं तर त्याबद्दल मोठ्यानं बोलायचीसुद्धा सोय नव्हती. तिथं सुट्टी म्हणजे सरकारनं लेखी मान्य करणं की हो, हे झालं होतं. हा फायदा कुणी बीचवर गेलं तरी कमी होत नाही, हेही खरंच. कॅलेंडरवर लाल आकडा छापला की पोर विचारतंच, हा कसला.

उलट अमेरिकेनं ११ सप्टेंबरला सुट्टी दिलेलीच नाही, झेंडे अर्ध्यावर, नावं वाचतात, बाकी ऑफिसं चालू. आणि कॅनडातच दुसरं उदाहरण, ११ नोव्हेंबर, युद्धात गेलेल्या सैनिकांचा दिवस. ओंटारियोत त्यालाही सुट्टी नाही. मला आधी वाटलं हा कंजूषपणा. पण माजी सैनिकांची इथली सगळ्यात मोठी संघटना, रॉयल कॅनेडियन लीजन, तीच म्हणते की देशभर सुट्टी नको, पोरं शाळेत असू देत, अकरा वाजता सगळी एकत्र उभी राहू देत, घरी असली तर झोपून राहतील. ज्यांचा दिवस तेच सुट्टी नको म्हणतायत, म्हटल्यावर आपण काय बोलणार.

भारताचं बघायचं तर आपल्याकडे सक्तीच्या राष्ट्रीय सुट्ट्या तीन, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, तिन्ही अभिमानाच्या. ३० जानेवारीला गांधीजींना मारलं, त्या दिवशी सकाळी अकराला दोन मिनिटं मौन, सुट्टी नाही. फाळणीच्या आठवणीचा दिवस म्हणून १४ ऑगस्ट हा २०२१ ला जाहीर झाला, सुट्टी नाही. २६/११ ला मुंबईत पुष्पचक्र आणि मेणबत्त्या, सुट्टी नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ माणसं गेली, त्यांच्या हुतात्मा दिनाला २१ नोव्हेंबरला सुट्टी नाही, सुट्टी १ मेला, म्हणजे मिळालं त्या दिवशी, गोळ्या खाल्ल्या त्या दिवशी नाही. आणि ३० सप्टेंबर म्हटलं की माझ्या वयाच्या मराठी माणसाला खरं तर किल्लारी आठवायला पाहिजे, १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र, लोक विसर्जन करून झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या गावांची माती झाली. योगायोग आहे फक्त, पण इकडं केशरी शर्ट बघितला की मला दरवेळी ते दगडमातीचे ढिगारेच आठवतात.

भोपाळ हा अपवाद. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, हजारो गेले, पाच लाखांहून जास्त लोकांना झळ लागली. ३ डिसेंबरला भोपाळ शहरापुरती स्थानिक सुट्टी असते. आपल्याकडे राज्य सरकारला एका शहरापुरती, जिल्ह्यापुरती सुट्टी देता येते, मुंबईत ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाला अलीकडे देतात तशी. मावशी सांगते की तिच्या सोसायटीत निम्म्या लोकांसाठी तो नुसता सरकारी ऑफिसं बंद असल्याचा दिवस, आणि जुन्या शहरात मात्र मोर्चा, मशाली, सर्वधर्म प्रार्थनासभा, पुतळे जाळणं. सुट्टी सगळ्या शहराला, स्मरण निम्म्या शहराला.

सुट्टी मागता येते का कोर्टात जाऊन? नाही. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनाची, २ ऑगस्टची, सुट्टी परत द्या म्हणून मुंबई हायकोर्टात याचिका झाली होती, जानेवारी २०२२ ला कोर्टानं सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, सरकारच्या धोरणाचा विषय आहे, आणि वर हेही ऐकवलं की आपल्याकडे सुट्ट्या जास्तच झाल्यात. म्हणजे ज्याला अशी सुट्टी पाहिजे त्यानं कोर्टात नाही, सरकारकडे जायचं. किंवा मग फिलिसबाईंसारखं, परवानगी न मागता एक शर्ट घालायला लागायचं आणि बघायचं किती लोक घालतात ते.

माझं मत विचाराल तर सुट्टी द्यावी, पण शाळा चालू ठेवावी. मोठ्यांना पगारी वेळ, पोरांना बाई समोर. विचित्र वाटेल पण ओंटारियोत चुकूनमाकून अर्धवट असंच झालंय, आमच्या घरात या विषयातलं सगळ्यात जास्त जिला माहितीय ती सात वर्षांची आहे, कारण तिला एकटीलाच त्या दिवशी काहीतरी करायला दिलेलं असतं. मला वेळ मिळाला आणि तिला धडा मिळाला. आणि बायकोला दोन्ही नाही, हे तिनं लिहायला सांगितलंय.

त्या दिवशी टायर बदलून आलो, साडेतीनला पोरीला आणायला गेलो. गाडीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, त्या आजीनं मग दुसरा शर्ट आणून दिला का? मी म्हटलं माहीत नाही गं. ती म्हणाली, "तुला तर सुट्टी होती ना बाबा."